गंडसमुद्राकाठचा बुद्ध आणि शास्त्रग्रंथांतील बुद्ध

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर असलेला पन्हाळा आपल्या परिचयाचा आहे तो मुख्यतः शिवकालामुळे. सिद्दी जौहरचा वेढा आणि इ.स. १६६० च्या पावसाळ्यातील विशाळगडाकडची वाट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान दिले, त्यांत पन्हाळ्याचा समावेश झाला, तोही याच इतिहासामुळे. परंतु या दुर्गाची मूळ उभारणी शिवकालाच्या पाचशे वर्षे आधीची आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या लेखांत पद्मनाल व प्रणालक या नावांनी तो येतो, आणि या घराण्यातील शेवटचा राजा दुसरा भोज याचे वास्तव्य येथे होते. शिलाहारांच्या या काळातच, म्हणजे बाराव्या शतकात आणि तेराव्याच्या पूर्वार्धात, कल्याणी, देवगिरी आणि खुद्द कोल्हापूरच्या मुलखात संगीत, तत्त्वचिंतन, शिल्पतंत्र, गणित, व्याकरण व समाजधारणा या विषयांवर मोठमोठे संस्कृत ग्रंथ लिहिले गेले. या ग्रंथांत बुद्ध कोणत्या रूपाने येतो, हाताने काम करणारा माणूस कोणत्या रूपाने येतो, आणि त्याच काळातील ताम्रपट व शिलालेख याबाबत काय सांगतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ताम्रपटाची साक्ष पाहू. शिलाहार राजा गंडरादित्य याचे शके १०३२ (इ.स. १११०) चे एक दानपत्र उपलब्ध आहे. मिरिंज देशावर, म्हणजे आजच्या मिरजेच्या प्रदेशावर, त्याची सत्ता होती. त्या देशातील इरुकुडी या गावी त्याने एक विस्तीर्ण तलाव बांधला आणि त्याला स्वतःच्या नावावरून ‘गंडसमुद्र’ असे नाव दिले. या तलावाच्या काठी त्याने तीन देवतांची स्थापना केली: ईश्वर म्हणजे शिव, बुद्ध आणि अर्हत म्हणजे जिन. या तिन्हींच्या पूजाअर्चेसाठी त्याने जमिनीही तोडून दिल्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या नोंदीकडे लक्ष वेधले होते, आणि पुढे डॉ. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे कोरीव लेख एकत्रित संपादित केले. तरीही सर्वसाधारण वाचकापर्यंत ही माहिती पोहोचलेली नाही. महाराष्ट्रातून बौद्ध धम्म सातव्या-आठव्या शतकातच लुप्त झाला असे आपल्याला सरसकट सांगितले जाते. गंडरादित्याचे दानपत्र त्या विधानाच्या सरळ विरुद्ध जाते.

या नोंदीतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. येथे बुद्ध शिवाच्या मंदिरातील कोनाड्यात बसवलेला नाही, की विष्णूच्या परिवारात दाखल केलेला नाही. तो बुद्ध म्हणूनच आहे आणि त्याची जमीन त्याची स्वतःची आहे. जमीन वेगळी म्हणजे तिच्या उत्पन्नाची व्यवस्था पाहणारे लोक वेगळे, पूजेचा विधी वेगळा, दर्शनास येणारा समाज वेगळा. हाच गंडरादित्य प्रयाग येथे एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घालतो. हे प्रयाग म्हणजे कोल्हापूरजवळचा नद्यांचा संगम असे भांडारकरांचे मत आहे. हाच राजा आजरे येथे जैन मंदिर उभारतो. त्याला बौद्ध ठरविण्याचे काहीच कारण नाही. आपल्या राज्यात जे समाज दखल घेण्याजोगे होते, त्या प्रत्येकाची त्याने तरतूद केली. म्हणजे इ.स. १११० मध्ये मिरजेच्या परिसरात बौद्ध समाज दखल घेण्याजोगा होता, इतके तरी मानावेच लागते.

हे एकाकी उदाहरणही नाही. गंडरादित्य ज्या कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक होता, त्यांच्या राज्यात सहावा विक्रमादित्य गादीवर असताना शके १०१७ मध्ये (इ.स. १०९५) डंबळ येथे सोळा सेट्टींनी, म्हणजे व्यापाऱ्यांनी, उभारलेल्या बौद्ध विहाराला व तारादेवीच्या मंदिराला दान दिल्याचा लेख आहे. कोल्हापूरचा बौद्ध वारसा तर त्याहून फार जुना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर शहरातच खोदकाम चालू असताना एक स्तूप उघडा पडला. त्यात दगडी पेटी होती आणि पेटीत स्फटिकाचा करंडक. झाकणावरील ब्राह्मी लेखात दोन नावे आहेत: दान देणारा बम्ह आणि ते करवून घेणारा धम्मगुत्त. पन्हाळ्यासमोर जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत, आणि मसाई पठाराच्या कडेला पांडवदरा. लोकांनी नावे काहीही ठेवली असोत, ही बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासाची स्थाने होत.

आता ग्रंथांकडे वळू. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ मध्ये ‘अभिलषितार्थचिंतामणि’ अथवा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय आणि सुमारे आठ हजार श्लोक असा त्याचा विस्तार आहे. राज्य कसे मिळवावे व टिकवावे येथपासून ते हत्ती कसे पकडावेत, रंग कसे बनवावेत, भिंतीवर लेप कसा द्यावा, मेणाचा साचा करून धातूची मूर्ती कशी ओतावी, कोणते अन्न कसे शिजवावे, कोणती वाद्ये कशी वाजवावीत, येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. आजच्या इडली-डोशाची पूर्वरूपे शोधणारे लोकही शेवटी याच ग्रंथाकडे येतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गो. क. श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने तो १९२५, १९३९ व १९६१ अशा तीन खंडांत प्रसिद्ध झाला. बाराव्या शतकातील दख्खनच्या भौतिक जीवनाचा इतका समृद्ध साठा दुसऱ्या एखाद्या ग्रंथात क्वचितच सापडेल, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या ग्रंथाच्या गीतविषयक भागात देशी भाषांतील काही पद्ये उदाहरणादाखल दिली आहेत. त्यांतील काही मराठी आहेत, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या वाङ्मयीन नमुन्यांत त्यांची गणना होते. भाषेच्या इतिहासकारांनी या पद्यांतील प्रत्ययांचा, क्रियापदांचा कसून अभ्यास केला. पण त्यांच्या आशयाकडे पुरेसे लक्ष गेले आहे असे वाटत नाही. ही पद्ये विष्णूच्या अवतारांची आहेत, आणि त्यांत बुद्धावताराचेही पद्य आहे. त्याचा भाव असा की, ज्या देवाने बुद्धाचे रूप घेऊन, वेदांना दूषणे देऊन, दानवांना फसवले आणि मायेने मोहित केले, त्याने माझ्यावर प्रसाद करावा. विष्णुपुराणात विष्णूने निर्माण केलेला मायामोह असुरांना वेदमार्गापासून भ्रष्ट करतो, म्हणजे देवांना त्यांचा पराभव करता येतो, अशी कथा आहे. तीच येथे गाण्याच्या रूपाने आली आहे.

गंडसमुद्राचे दानपत्र १११० चे आहे आणि मानसोल्लास ११२९ चा. दोहोंत अंतर एकोणीस वर्षांचे. एक मांडलिकाचे, दुसरा त्याच्या सम्राटाच्या घराण्यातला. एकाच राज्यव्यवस्थेत, एकाच पिढीत, बुद्धाची दोन रूपे आपल्यासमोर उभी राहतात. तलावाकाठी तो स्वतंत्र पूज्य आहे आणि स्वतःच्या जमिनीचा धनी आहे. राजाच्या गाण्यात तो विष्णूचे सोंग आहे, आणि त्याचा उपदेश ही दानवांसाठी रचलेली फसवणूक आहे. शतकाअखेरीस बंगालमध्ये जयदेवाने गीतगोविंदात हाच अवतार करुणेचा म्हणून, पशुयज्ञाची निंदा करणारा म्हणून गाइला. जयदेवाचा सूर पुष्कळच सौम्य आहे. पण दख्खनच्या राजसभेत जो सूर मान्य होता तो फसवणुकीचा होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दानपत्र हा कायद्याचा कागद होता. त्यातला बुद्ध जमिनीच्या सीमांमध्ये आहे, शेजारच्या शेतकऱ्याला तो माहीत आहे. गाणे मात्र पाठ होते, पुढच्या पिढीकडे जाते, दुसऱ्या गावी जाते. तलाव गाळाने भरतो, जमिनीचे धनी बदलतात, विहार ओस पडतो, गाणे राहते. महाराष्ट्रात पुढे दशावताराच्या चित्रांत नवव्या स्थानी बुद्धाऐवजी विठ्ठल काढला जाऊ लागला, आणि संतांच्या वाणीत ‘बौद्ध अवतार’ हा शब्द रूढ झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट नाकारते. ही प्रतिज्ञा नेमकी कशाला उत्तर आहे असे तरुण उपासक अनेकदा विचारतात. तिच्या मागे आठशे-नऊशे वर्षांची गीतपरंपरा आहे, आणि त्या परंपरेचा मराठीतला अगदी आरंभीचा पुरावा ११२९ सालच्या या ग्रंथात आहे.

मानसोल्लासात मराठी माणसाला हर्ष व्हावा असा आणखी एक उल्लेख आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असे सोमेश्वर सांगतो. ओवीचा हा फार जुना उल्लेख होय. ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे दीडशे वर्षे उखळाजवळ उभ्या असलेल्या बाया ओवी गात होत्या आणि कल्याणीच्या राजाला ते ठाऊक होते. परंतु त्या बाया कोण, त्यांच्या ओवीत काय होते, हे त्याने लिहिले नाही. ओवीची जात त्याने नोंदवली, ओवी नोंदवली नाही. मूर्ती ओतण्याचेही तसेच. मेण किती, धातू किती, साच्याला लेप कसा, हे तपशील आहेत. ते राजाने स्वतः मुशीजवळ बसून शोधलेले नव्हेत. ते पिढ्यान्‌पिढ्या मुशीजवळ बसलेल्या कारागिराचे ज्ञान आहे. ग्रंथावर नाव मात्र राजाचे आहे.

येथे आपल्याकडील बौद्ध लेण्यांतील कोरीव लेखांची आठवण होणे स्वाभाविक आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी काही रक्कम कायम ठेव म्हणून कारागिरांच्या श्रेणींकडे सोपवली. त्या श्रेणींत कुंभारांची आहे, तेल्यांची आहे, आणि ‘ओदयंत्रिक’ म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांचीही आहे. यंत्र करणाऱ्यांचा संघ इतका विश्वासार्ह होता की भिक्खूंच्या औषधाचा पैसा त्याच्या हवाली केला गेला. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण केलेल्या कोरीव कामाची नोंद आपल्याच नावाने कोरून ठेवली आहे. कान्हेरी, कुडे, जुन्नर येथे लोहार, माळी, धान्याचे व्यापारी दाते म्हणून येतात. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत श्रमकरी माणूस दगडावर स्वतःच्या नावाने उभा होता. बाराव्या शतकाच्या शास्त्रग्रंथांत त्याचे ज्ञान आहे, तो नाही.

मात्र आपणही पालि वाङ्मयाविषयी भाबडेपणाने बोलू नये. विनयपिटकातील सुत्तविभंगात, ओमसवादाच्या म्हणजे अपमानकारक बोलण्याच्या पाचित्तियात, त्या काळच्या समाजाची उतरंड स्वच्छ नोंदली आहे. हीन जाती म्हणून चंडाल, वेण, नेसाद, रथकार व पुक्कुस यांची नावे येतात. हीन सिप्प म्हणजे हलकी समजली जाणारी शिल्पे: बुरुडाचे, कुंभाराचे, विणकराचे, चर्मकाराचे, न्हाव्याचे. श्रेष्ठ शिल्पे मुद्रा, गणना आणि लेखन. हाताने करायचे ते हलके आणि हिशेब-लेखणीचे ते वरचे, ही दृष्टी त्या काळीही होतीच. पालि ग्रंथ तिच्यावर पांघरूण घालत नाहीत. पण ही यादी कशासाठी दिली आहे? कोणत्याही भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला या जातीचा, या कामाचा म्हणून टोचून बोलल्यास तो अपराध होय, असा नियम घालण्यासाठी. समाजात जे चालते ते नोंदवून संघाच्या उंबरठ्यावर त्याला अडविले आहे. धर्मशास्त्राच्या निबंधांत उतरंड येते ती तिची अंमलबजावणी कशी करावी हे सांगण्यासाठी. दोन्हीकडे यादी सारखीच दिसली, तरी तिचे प्रयोजन वेगळे आहे.

मग बौद्धांचे शास्त्रग्रंथ दख्खनमध्ये का उरले नाहीत? एका वाक्यात उत्तर द्यायचे तर, ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्था उरल्या नाहीत म्हणून. उत्तर कोकणातील शिलाहारांच्या राज्यात, शके ७६५ (इ.स. ८४३) मध्ये, कान्हेरीच्या भिक्खूंना दिलेल्या एका दानात पूजा, डागडुजी व चीवरे यांच्याबरोबर पुस्तकांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. नवव्या शतकात कान्हेरीला पुस्तके नकलून घेतली जात होती, त्यांचा खर्च कोणी तरी उचलत होते. त्यांपैकी एकही पोथी आज आपल्या हाती नाही. जैनांची गोष्ट निराळी झाली. शके ११२७ मध्ये (इ.स. १२०५), दुसऱ्या भोजाच्या कारकीर्दीत, सोमदेव नावाच्या जैन पंडिताने आजरे येथे, गंडरादित्याने बांधलेल्या त्याच मंदिरात बसून, जैनेंद्र व्याकरणावर ‘शब्दार्णवचंद्रिका’ ही टीका लिहिली. गंडसमुद्राच्या काठी ज्या जिनाला बुद्धाइतकीच जमीन मिळाली होती, त्याच्या अनुयायांनी पोथ्या भांडारांत ठेवल्या, वेळोवेळी नव्याने नकलल्या, आणि आठशे वर्षांनंतर ती टीका आपल्याला वाचता येते. गृहस्थ जैन समाज शिल्लक राहिला म्हणून ग्रंथ शिल्लक राहिले.

वैदिक विद्येचेही असेच होते. चाळीसगावजवळ पाटणे येथे इ.स. १२०७ च्या सुमाराचा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारात येणाऱ्या मालावर व तेलाच्या घाण्यांवर मठासाठी ठेवलेला वाटा नोंदवला आहे. म्हणजे गणिताचा मठ तेल्याच्या घाण्यावर चालला. पण त्या मठात तेल्याच्या मुलाने लीलावती शिकावी अशी सोय त्या समाजव्यवस्थेत नव्हती. नाशिकच्या तेल्यांच्या श्रेणीला ठेवीदार म्हणून मान होता, पाटण्याच्या तेल्याच्या वाट्याला केवळ कर आला. हजार वर्षांत काय बदलले ते या दोन लेखांवरून समजते.

सिंघण यादवाचे नाव आले म्हणून पुन्हा पन्हाळ्याकडे जाऊ. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपले. यादवांच्या प्रशस्तीत पन्हाळ्याचा भोज हा सर्प आणि सिंघण हा त्याला पळवून लावणारा गरुड, असे वर्णन आहे. याच सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. त्याचा आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला, पिता सोढल यादवांच्या सेवेत होता, आणि शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिकारी, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख होता. तो वैद्यकही जाणत होता. पन्हाळ्याचा मुलूख जिंकल्यावर त्याच्या वसुलाचा हिशेब याच्याच दफ्तरात गेला असावा असे म्हटले तर वावगे होऊ नये. भारतीय संगीतशास्त्राचा आधारग्रंथ ठरलेला ‘संगीतरत्नाकर’ या हिशेबनिसाने लिहिला. (त्याने आधीच्या संगीताचार्यांच्या नामावळीत ज्या भोजाचा उल्लेख केला आहे तो माळव्यातील धारचा परमार भोज होय. पन्हाळ्याच्या भोजाशी त्याची गल्लत होता कामा नये. त्याच नामावळीत मानसोल्लासकर्ता सोमेश्वरही आहे.)

संगीतरत्नाकराचे सात अध्याय आहेत: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये तो छापला. त्यात दोनशे चौसष्ट रागांची गणना आहे. बावीस श्रुतींचे अस्तित्व दाखविण्यासाठी त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेण्यास सांगितले आहे: एक अचल ठेवायची आणि दुसरीच्या तारा क्रमाक्रमाने उतरवत पहिलीशी ताडून पाहायच्या. ऐकून, मोजून सिद्ध करण्याची ही रीत आहे, आणि तिच्यापुढे आदराने मान लवते.

त्याच ग्रंथाचा तात्त्विक पाया मात्र वेगळ्या मातीचा आहे. आरंभीच शिवाला नादरूप मानून वंदन आहे. गर्भातील पिंडाची उत्पत्ती, शरीरातील चक्रे, यांचे सविस्तर वर्णन आहे, आणि मग नाद कसा उत्पन्न होतो ते सांगितले आहे. आत्म्याला बोलण्याची इच्छा होते, तो मनाला प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीला, अग्नी वायूला, आणि वायू नाभीपासून मुखापर्यंत वर चढताना नाद होतो. कारणांची ही साखळी आहे खरी. पण तिच्या आरंभी आत्मा बसला आहे आणि शेवटी नाद हेच ब्रह्म आहे.

याच्या शेजारी संयुत्तनिकायाच्या सळायतनवग्गातील वीणेची उपमा ठेवून पाहावी. ज्याने कधी वीणा ऐकली नाही असा एक राजा तिचा मोहक आवाज ऐकतो आणि म्हणतो, तो आवाज माझ्याकडे आणा. सेवक वीणा आणतात. राजा म्हणतो, मला वीणा नको, आवाज हवा. तेव्हा ते त्याला समजावतात की आवाज अनेक अंगांच्या मेळाने होतो: वीणेचे पोकळ द्रोण, त्यावरचे चामडे, दांडा, आधार, तारा, वाजवण्याची कोणी आणि माणसाने केलेला योग्य प्रयत्न. राजा वीणा फोडतो, तिच्या ढलप्या करतो, त्या जाळतो, राख वाऱ्यावर उधळतो. आवाज कोठेच सापडत नाही. भगवंत सांगतात, भिक्खूनेही याचप्रमाणे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांची तपासणी करावी. ‘मी’ आणि ‘माझे’ त्यांत कोठेच सापडणार नाही. मिलिंदपञ्हातही वीणेच्या अंगांची जवळजवळ हीच यादी येते, आणि त्याच ग्रंथाच्या आरंभी राजा मिलिंदाला अवगत असलेल्या एकोणीस विद्यांत गंधब्ब म्हणजे संगीत आहे.

शार्ङ्गदेवाच्या साखळीत आत्मा पहिला आहे. या सुत्ताच्या यादीत आत्मा नाहीच. तेथे चामडे आहे, म्हणजे पर्यायाने ते कमावणारा आहे, आणि शेवटी माणसाचा प्रयत्न आहे. विनयाच्या दुसऱ्या एका यादीत ज्याचे शिल्प हीन म्हणून गणले गेल्याची नोंद आहे, त्याचेच चामडे येथे नादाच्या कारणांत दुसऱ्या क्रमांकावर येते. प्रतीत्यसमुत्पादाच्या विचारात कोणतेही कारण हलके नसते. एक काढले की नाद थांबतो. हा सामाजिक अर्थ त्या सुत्ताचा मूळ हेतू आहे असे माझे म्हणणे नाही. हेतू अनात्म सांगण्याचाच आहे. पण ज्या समाजाच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावासाठी कातडे कमावले आणि वाद्ये वाजवली, त्या समाजाच्या वाचकाला ही यादी वाचताना काय दिसेल, हे अभ्यासकाने जाणून घेतले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील भाषणांत ती वारंवार चुकीच्या रीतीने येते. संगीतरत्नाकराच्या आधी, राग या संकल्पनेची पहिली नीट मांडणी करणारा ‘बृहद्देशी’ हा ग्रंथ मतंग या नावावर आहे. आपल्याकडील मातंग समाज हलगी व अन्य वाद्यांत निष्णात, म्हणून बृहद्देशीकार मातंग समाजाचा होता असे काही वक्ते ठामपणे सांगतात. केवळ नावाच्या साम्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. मतंग हे ऋषिनाम म्हणून संस्कृत वाङ्मयात सर्वत्र आढळते, आणि जातकातील चंडालकुळातला मातंग बोधिसत्त्वही स्वतंत्र परंपरा आहे. तसेच, पालीत संगीतशास्त्रावरचा ग्रंथ नाही. असणेही कठीण होते; भिक्खूंना नृत्य-गीत-वादनाचे दर्शन वर्ज्य होते आणि लांब आलाप घेऊन धम्म गाण्यास चुल्लवग्गात मनाई आहे, सरभञ्ञ या साध्या पठणाला तेवढी मुभा आहे. कोल्हापूरच्या हलगीवादकांचे कौशल्य सिद्ध करायला मतंगाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यांच्या बोलांची, ठेक्यांची, कातडे तापवण्याच्या रीतीची नोंद करणे हे अधिक उपयोगाचे काम आहे.

संगीतरत्नाकराच्या प्रकीर्णक अध्यायात उत्तम गायकवृंदाची संख्या दिली आहे. चार मुख्य गायक, आठ साथ देणारे गायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक. बत्तीस जणांत सर्वांत मोठी संख्या स्त्रियांची आहे. देवगिरीच्या दरबारात गाणाऱ्या या बारा जणींचे नाव-गाव शार्ङ्गदेवाच्या हिशेबी लेखणीतून उतरले नाही, जसे सोमेश्वराच्या ग्रंथात कांडण करणाऱ्या बायांचे उतरले नव्हते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या, विठ्ठलाच्या, भावाच्या ओव्या आहेत, तशाच भीमाच्या आणि बुद्धाच्याही आहेत. १९५६ नंतर खेड्यातील बौद्ध स्त्रियांनी पहाटे जात्यावर बसून रचलेल्या या ओव्यांतला बुद्ध कोणाचा अवतार नाही. २०१७ पासून हा संग्रह लोकांसमोर येऊ लागला आहे, आणि त्यातील ओवीबरोबर गाणारीचे नाव व तिचे गाव नोंदवलेले असते.